कोळशाला नाक नसतं

गाडी घरी आली त्या दिवशी गल्लीतले सगळे येऊन आत डोकं घालून गेले. प्रत्येकाने डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि प्रत्येकाने तेच म्हटलं, "वा, नई गाडी की खुशबू!" फक्त माझ्या आईने पदर नाकाला लावला आणि चार पावलं मागे सरकली.

"याले खुशबू म्हणते का?" ती म्हणाली. "प्लास्टिकची बादली जाळल्यासारखं वाटून राहिलं मले."

मला राग आला. राग मला लवकर येतो. इथे भिलाईत, नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासात मी केमिस्ट्री शिकवते, दिवसभर पोरांवर ओरडते, आणि ओरडून उरलेला राग घरी आईच्या वाट्याला येतो. शिवाय गाडी घेतली होती ती तिच्याचसाठी. तिचे गुडघे गेले होते, ऑटोत चढता येत नव्हतं. भिलाई-तीनला मावशी राहते, मावसाजी रेल्वेत आहेत. दर रविवारी बहिणीकडे जाऊन चार तास बोलणं, एवढंच आईचं जग उरलं होतं, आणि गुडघ्यांनी तेही बंद करून टाकलं होतं.

पहिल्या रविवारी सुपेला ओलांडून पॉवर हाउस चौकापर्यंत ती कशीबशी आली. मग मागून माझ्या खांद्यावर हात पडला, थंडगार. मी गाडी बाजूला घेईपर्यंत उशीर झाला होता. मावशीकडे न जाताच आम्ही परतलो.

मागून म्हणजे, ती मागेच बसायची. पुढची डावी सीट मोकळी. पुढे बसलं की मळमळ कमी होते, हे मी दहा वेळा सांगून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "तिथं तुहे बाबा बसतीन ना." अगदी सहज म्हणाली, डबा कुठे ठेवलाय ते सांगावं तसं.

बाबांना जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. त्यांचा जन्म स्कूटरवर गेला, स्वतःच्या गाडीत ते कधी बसले नाहीत.

त्या दिवशी परतताना गाडी धुवायला म्हणून एका हातपंपावर पाण्याचा कॅन भरून घेतला आणि पुढच्या सीटवर ठेवला. गाडी सुरू करताच टिंग टिंग वाजायला लागलं. डाव्या सीटवर कोणी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं. कॅनच्या वजनाने वाजतंय हे मला कळलं. आईला ते कळून घ्यायचं नव्हतं. "लाव ना त्याइले पट्टा," ती मागून म्हणाली. मी हात लांबवून कॅनला पट्टा लावला. आवाज थांबला. खरं सांगते, घरापर्यंत मी डावीकडे एकदाही बघितलं नाही.

आमच्या घरात बाबा उरले होते ते एका शर्टात. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. बाबा इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते. तिथे दगडी कोळसा बंद भट्ट्यांत भाजतात आणि त्यातून निघणारा गॅस धुऊन स्वच्छ करतात. त्या धुण्याच्या बाजूला त्यांची तीस वर्षं गेली. डांबर, डांबरगोळी, जळका कोळसा आणि घाम, असा मिळून त्यांचा वास होता. प्लांटवाल्यांच्या पुष्कळ घरांत असते तशी आमच्याकडेही मोरीत एक वेगळी बादली होती, तिचं नावच ड्युटीची बादली. ड्युटीचे कपडे तिच्यातच भिजायचे, घरच्या कपड्यांत कधी मिसळायचे नाहीत, आणि ज्या त्या दिवशीच धुतले जायचे. आई तीस वर्षं त्या वासाशी भांडली. "तुहा बाप मागून येते, पयले त्याचा वास येते," असं म्हणायची आणि साबण घासत बसायची.

एके दिवशी ते फर्स्ट शिफ्ट करून आले, शर्ट खुंटीला टाकला, जेवले, "जरा पडतो" म्हणाले, आणि उठले नाहीत. तो शर्ट त्या दिवशी बादलीत गेला नाही. नंतरही गेला नाही. क्वार्टर सोडावं लागलं, आम्ही नेहरू नगरात आलो, अर्धं सामान वाटून टाकलं, ड्युटीची बादलीसुद्धा कोणाला तरी देऊन टाकली. तो शर्ट मात्र आईने होता तसा, घडी न घालता, लोखंडी पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं.

महिन्यातून एकदा, ते गेले त्या तिथीला, वद्य पंचमीला, ती पेटी उघडायची. शर्ट नाकाशी धरायची, मग मला हाक मारायची. एक श्वास तिचा, एक माझा. दुसरा घेऊ द्यायची नाही. "सरते तो," म्हणायची. "पुरवून पुरवून वापराले पाह्यजे." त्या एका श्वासात बाबा दारात उभे असायचे, स्कूटर स्टँडवर घेत, चपला झटकत. मी एवढी शिकलेली बाई, पण महिनाभर त्या एका श्वासाची वाट बघायचे. आईला तर दुसरी कशाचीच वाट बघायची नव्हती.

तर गाडीचा वास. त्यावर गल्लीने भरपूर इलाज सांगितले. कापलेला कांदा ठेवा, लिंबू ठेवा, चहापत्ती ठेवा, खाण्याचा सोडा ठेवा. मी आधी मोगऱ्याचं अत्तर आणून टांगलं. तो मोगरा त्या प्लास्टिकच्या वासावर असा काही चढून बसला, की आई दार उघडताच परत फिरली. मग मला माझाच विषय आठवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. जो धडा मी दर वर्षी शिकवते, तो घरात वापरायचं मला महिनाभर सुचलं नव्हतं.

नारळाच्या करवंट्यांचा कोळसा करून तो वाफेत पुन्हा तापवतात. त्याने कोळशाला आतून इतकी बारीक छिद्रं पडतात, की मूठभर कोळशात मोहल्लाभर खोल्या तयार होतात. हवेतले वासाचे कण त्या खोल्यांत शिरतात आणि भिंतींना चिकटून बसतात. याला अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल म्हणतात. मी अशा चार थैल्या मागवल्या. राखाडी जाड्याभरड्या कापडाच्या, हाताच्या पंजाएवढ्या, कोपऱ्यात एक लोखंडी कडी. प्रत्येक सीटखाली एक ठेवायची, काचा बंद ठेवायच्या, आणि महिन्यातून एकदा थैल्या कडक उन्हात टाकायच्या. उन्हात तापला की कोळसा धरून ठेवलेलं बरंचसं सोडून देतो आणि पुन्हा कामाला लागतो. हे सगळं मी आईला खडू हातात असल्याच्या थाटात समजावून सांगितलं.

ती तोंडाला पदर लावून हसली. बाबा गेल्यावर पहिल्यांदा हसली असेल. "तीस वर्षं मी कोळशाचा वास धुतला," म्हणाली. "आता कोळसा माह्यासाठी वास धुईन का?"

धुतला. दोन दिवस गाडी सावलीत दारं उघडी टाकून ठेवली, मग थैल्या ठेवून काचा बंद केल्या. तीनेक आठवड्यांत तो वास विरत विरत इतका उरला, की मुद्दाम शोधला तर सापडावा. एका रविवारी आई पदर न लावता मागे बसली. पॉवर हाउस गेलं, खुर्सीपार गेलं, तिने शेंगदाणे काढून खायला सुरुवात केली. मावशी फाटकात उभी होती. दोघी पाच तास बोलल्या. मी दुसऱ्या दिवशी क्लासात छाती फुगवून हा प्रयोग सांगितला आणि शेवटी माझं नेहमीचं वाक्य टाकलं, "बच्चो, कोयले की नाक नहीं होती. उसको अच्छा-बुरा नहीं समझता, जो आया सो पकड़ लिया." पोरं हसली. हे वाक्य मी कित्येक वर्षं म्हणत आले आहे.

श्रावणात पावसाने घर ओलं करून टाकलं. भिंतींना पापुद्रे आले, कपाटातल्या साड्या चिकट लागायला लागल्या. त्या महिन्याच्या पंचमीला आईने पेटी उघडली तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. मी श्वास घेतला. बाबा होते, पण त्यांच्या मागे काहीतरी कुबट उभं होतं, भिजलेल्या पोत्यासारखं. "ओल लागून राहिली याले," आई म्हणाली. दिवसभर ती बेचैन होती. जेवताना मधेच हात थांबवून पेटीकडे बघत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पलंगावर टेस्टचे पेपर पसरून बसले होते. आई दारात येऊन उभी राहिली.

"काय वं, तो तुहा कोळसा फक्त खराब वासच खाते ना? चांगला वास तं रायते?"

"हो," मी मान वर न करता म्हटलं.

"पक्कं?"

"आई, पेपर तपासून राहिली ना मी! हो म्हटलं ना एकदा."

ती गेली. डॅशबोर्डवरच्या गणपतीजवळ ती कापराची वडी ठेवायची, त्याबद्दल विचारत असेल असं मला वाटलं. खरं म्हणजे एवढंही वाटलं नाही. वाटायला आधी ऐकावं लागतं. पोरांनी एकदा चुकीचं उत्तर लिहिलं तर मी वहीवर लाल रेघ मारते, आणि मी स्वतः त्या दिवशी जे उत्तर दिलं ते सातवीच्या पोरानेही दिलं नसतं.

दोन आठवड्यांनी, गणपती उठायच्या सुमारास, गाडीत मागच्या बाजूला ओलसर वास यायला लागला. सीटखाली हात घातला तर मागच्या दोन थैल्या नाहीत. आईला विचारलं. "असतीन कुठं तरी, पायते मी," ती म्हणाली आणि नजर चुकवून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी थैल्या सीटखाली जागेवर होत्या. मी खोलात गेले नाही. माझी नको तिथे नाक खुपसायची सवय, पण नेमकं तिथे विचारायचं ते विचारलं नाही.

गणपती उठले आणि पाऊस उघडला. पितृपक्ष लागला त्या दिवशी असं ऊन पडलं, की अंगणातली फरशी पायाला चटके द्यायला लागली. मला सुट्टी होती. दहा वाजता मी चारही थैल्या गाडीतून काढल्या आणि गच्चीवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ओळीने मांडल्या. आई खाली गव्हातले खडे निवडत होती, तिला मी सांगितलंही नाही.

दुपारी दोनच्या सुमारास थैल्या उलट्या करायला वर गेले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. डांबरगोळी. जळका कोळसा. घाम. झुळूक नाही, आभास नाही, भरपूर वास, बाबा दोन हातांवर उभे असावेत इतका. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "बाबा?" भर दुपारी, रिकाम्या गच्चीवर, मी एकटी.

मग मी स्वतःला आवरलं. वारा फिरला असेल, प्लांटकडून आला असेल, असं स्वतःला समजावलं. नेहरू नगरात एरवी तो वास येत नाही, पण कधीमधी येतो. दोरीवरची चादर जराही हलत नव्हती, हे मी पाहिलं होतं. पाहिलेलं सगळं माणूस मानतो असं नाही. या पंधरवड्यात गेलेले येतात म्हणतात, आणि मी केमिस्ट्री शिकवते, मी असलं काही मानत नाही. तरी मला भीती वाटली. आणि वास जिन्यातून खाली गेला तर आई दिवसभर रडत बसेल, असंही वाटलं. मी थैल्यांना हात न लावताच मागे फिरले, गच्चीचं दार ओढलं आणि कडी लावली. चार वाजता परत गेले तेव्हा वर काहीच नव्हतं. तापलेल्या थैल्या गोळा केल्या आणि गाडीत टाकल्या.

चार दिवसांनी पंचमी आली, बाबांच्या श्राद्धाची. सकाळी पान वाढून झालं, कावळाही लवकर शिवला. आईने हात धुतले, पेटी उघडली आणि शर्ट नाकाशी धरला. तिने मला हाक मारली नाही. मी दारातून बघत होते. तिने दुसरा श्वास घेतला. इतक्या महिन्यांत जो तिने स्वतःलाही कधी घेऊ दिला नव्हता तो दुसरा, मग तिसरा.

"ये," ती म्हणाली. "तू पाह्य बरं."

मी शर्ट तोंडावर धरला. कापड. नुसतं कापड, दुकानातून फाडून आणल्यासारखं.

"मले सर्दी झाली असन," आई म्हणाली. ती उठून स्वयंपाकघरात गेली, हिंगाची डबी उघडून हुंगली आणि परत आली. "हिंग येते," ती म्हणाली. मग पेटीशेजारी खाली बसली, गुडघे दुखतात म्हणून जी कधी खाली बसत नाही ती.

तिने सांगितलं तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. शर्टाला लागलेला कुबट वास जावा आणि बाबा तेवढे राहावेत, म्हणून तिने गाडीतल्या दोन थैल्या आणून शर्टाच्या दोन बाजूंना ठेवल्या होत्या. पंधरा दिवस. ठेवताना आणि काढताना दोन्ही वेळा पदर नाकाला घट्ट लावला होता, श्वास रोखला होता. तिथीशिवाय उघडतेय तर निदान त्यातला वास आपल्याकडून खर्च होऊ नये म्हणून.

"तू म्हणली होती ना, चांगला वास रायते," ती म्हणाली. आरोप नव्हता त्यात. आरोप असता तर मी भांडले असते.

"कोळशाला नाक नसतं, आई," मी म्हटलं. माझं ते क्लासातलं वाक्य. मग मला थांबता येईना. मी बोलत सुटले, कोळसा वास खात नाही, नाहीसा करत नाही, नुसता आत धरून ठेवतो, भिंतींना चिकटवून ठेवतो. कशासाठी बोलत होते कोण जाणे. स्वतःला वाचवायला असेल.

आईने मान वर केली. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. "धरून ठेवते? म्हणजे गेला नाही तो. त्या थैल्याइत आहे."

तिने माझ्या हातातून शर्ट काढून घेतला.

"उन्हात तं नाही ठेवल्या ना तू? तूच म्हणे, उन्हात ठेवलं का सोडून देते."

"नाही," मी म्हटलं. "वेळच कुठे झाला, आई."

मी बाहेर गेले. गाडीच्या सीटखालून दोन थैल्या काढल्या. मागच्या की पुढच्या, मलाच माहीत नव्हतं. उन्हातून आणल्यावर चारही मी कशाही टाकल्या होत्या. आईने त्या दोन्ही हातांनी घेतल्या, बाबांच्या शर्टात गुंडाळल्या, बाह्यांनी गाठ मारली आणि पेटीला कुलूप लावलं. "याइले आता कधी उन्हात नको ठेवजो," ती म्हणाली. "जातीन ते."

तेव्हापासून दर पंचमीला ती गाठ सोडते. थैली नाकाशी धरते, डोळे मिटते. "थोडासा येते," म्हणते, आणि थैली माझ्याकडे देते. "येते ना?"

"येतो," मी म्हणते. एक श्वास तिचा, एक माझा. दुसरा ती अजूनही घेऊ देत नाही.

तिला खरंच येतो की नाही, मी विचारत नाही. कोळसा उगाळावा तितका काळाच. गाडीत आता दोनच थैल्या आहेत, उन्हाळ्यात मागे पुन्हा वास मारतो, आई पदर लावून बसते आणि तक्रार करत नाही. नव्या थैल्या आणू का म्हटलं तर नको म्हणाली.

एक मात्र मी बदललंय. गच्चीचं दार मी दुपारी उघडं ठेवते, मे महिन्यातसुद्धा. आई खालून ओरडते, "कावून उघडं ठेवलं वं ते दार? झळा येऊन राहिल्या घरात!"

"येऊ दे," मी म्हणते. तिला काय सांगू? एकदा ते त्याच दारापर्यंत आले होते, मी हाकही मारली होती, आणि मग मीच कडी लावून घेतली.